सासूबाईंची होडी मी कशी नांगरली

सोमवार, ३ तारीख

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली, कारण घरात माझी तक्रार ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही.

माझा सोफ्यावरचा कोपरा गेला. उजवा कोपरा. उशीला माझ्या पाठीचा खळगा, डाव्या हाताशी कप टेकेल एवढी रुंद लाकडी कड, उजव्या हाताशी सॉकेट. सिंहासनं गेलेल्या राजांसाठी इतिहासात निदान एखादा परिच्छेद राखून ठेवतात. मला पूर्वसूचनासुद्धा मिळाली नाही. दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी कारखान्यातून आलो तर माझ्या कोपऱ्याच्या जागी लोखंडी पलंग, पलंगावर सासूबाई, आणि माझ्या सॉकेटमध्ये त्यांच्या टॅबलेटची वायर. सोफा शिक्षा झाल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा.

मी बायकोकडे नुसतं पाहिलं.

"अहो, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "तुमच्या कोपऱ्याचं नाही."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. व्यायाम घ्यायला बाई येतात, त्या सांगतात की हाड छान जुळलंय, आता वॉकर सोडा, दारापर्यंत चाला, मग जिना. सासूबाई म्हणतात, उद्या बघू. हा उद्या काही उगवत नाही. त्या पडल्या होत्या जिन्यावरच. पण भीती हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कोणाची छाती नाही.

वेळ जावा म्हणून धाकट्या जावयाने त्यांना टॅबलेटवर एक खेळ लावून दिलाय. हे धाकटे जावई म्हणजे माझे साडू, दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात वाट बघणारे पेशंट हाच खेळ खेळतात म्हणे. आपण ओसाड बेटावर वाहून आलेलो असतो. झाडं तोडायची, घर बांधायचं, मासे धरायचे, शार्कपासून पळायचं आणि जमेल तितकं जगायचं. दात दुखत असताना माणसाला हे जवळचं वाटत असणार.

बुधवार, ५ तारीख

घरात करार झाला.

सासूबाईंनी खेळात होडी बांधली आहे. साधी नव्हे, शीड, छोटी खोली, पुढे कंदील. पलंगावर पडल्या पडल्या इतके दिवस त्या हेच करत होत्या, आणि आम्हाला वाटत होतं पेपर वाचताहेत. होडी घेऊन त्यांना पार लांबच्या दीपगृहाच्या बेटावर जायचंय. बायकोने संधी साधली.

"आई, बोल. दीपगृहाला पोचलीस की जिना उतरशील?"

सासूबाईंनी चष्मा वर केला. "होडी सुखरूप लागली तर उतरेन."

"कधी?"

"रविवारी. हा नाही, पुढचा. हवा चांगली आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खेळातलं जग आपण बंद केलं तरी चालूच राहतं, आणि त्यांच्या बेटाला खडक फार. म्हणून तोवर होडी माझ्या किनाऱ्यावर ठेवायची. मला किनारा आहे हे मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी परस्पर माझ्याही फोनवर खेळ घालून बेट काढून दिलं होतं.

"तुम्ही सुरक्षा अधिकारी आहात ना, जावईबापू?"

मी बिस्किटांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. गरम पत्र्याला हात लावू नये, हे मी लोकांना वर्षानुवर्षं पगार घेऊन सांगतो आहे. हो म्हणालो.

स्वयंपाकघरात बायकोने हळूच बजावलं, "होडीला काही झालं तर आई जन्मभर त्या पलंगावर बसेल. आणि तुमचा कोपरा विसरा."

गुरुवार, ६ तारीख

होडी ताब्यात घेतली. खेळ मराठीत आहे, सासूबाईंचा तसा आग्रह. भाषांतर यंत्राने केलेलं दिसतं. होडी किती शाबूत आहे हे दाखवणाऱ्या पट्टीवर 'होडीची तब्येत' असं लिहिलंय. सध्या तब्येत ठणठणीत.

डॉक्टरांचा फोन आला. ते खेळ इंग्रजीत खेळतात. त्यांची एक खोड आहे: समोरच्याचं तोंड उघडं आणि बोळ्यांनी भरलेलं आहे असं धरून बोलतात. प्रश्नही स्वतःचा, उत्तरही स्वतःचं.

"साडूभाऊ, होडी मिळाली? मिळाली. अँकर लावून टाका. लावाल ना? छान."

अँकर म्हणजे नांगर, एवढं मला कळतं. शोधाच्या चौकटीत 'नांगर' लिहिलं. दोन निघाले. दोन्हींचं नाव नांगर. एक स्वस्तातला, दगड आणि दोर. दुसरा महाग: कठीण लाकूड, लोखंड आणि चामडं. एकच वस्तू गरिबांसाठी आणि जबाबदार माणसांसाठी वेगवेगळी केलेली. सुरक्षेत मी कंजूषपणा करत नाही. महागातला घेतला.

दिसायला दणकट आहे. खाली लोखंडी टोक, वर वाकडा दांडा, मागे दोन हातांनी धरायची मूठ. मूठ कशाला ते कळलं नाही. बहुधा रुतला तर उपसायला. पुढे एक आडवं लाकूड लावायची खाच आहे, ती जहाजं जोडीने ओढण्यासाठी असावी. होडीत ठेवायला गेलो तर लाल अक्षरं: 'येथे नांगर शक्य नाही.' किनाऱ्याच्या मातीवर ठेवल्याबरोबर हिरवी: 'नांगरण्यास प्रारंभ करावा का?' करावा म्हटलं. तो सरसर पुढे गेला आणि मागे खोल चर पडला. याला म्हणतात पकड.

होडीचा दोर मुठीवर टाकला आणि समाधानाने फोन ठेवला.

शनिवार, ८ तारीख

'तुमच्या होडीला दुखापत झाली आहे.'

दुपारी उघडून पाहतो तर होडी किनाऱ्यापासून लांब, खडकाला डोकं आपटत असलेली. पुढच्या दोन फळ्या गेल्या. वल्हवत ओढून आणली. नांगर जागच्या जागी घट्ट रुतलेला. म्हणजे दोष नांगराचा नाही. होडीला कोणीतरी सोडलं.

उपाययोजना केली. एक: आणखी एक नांगर, महागातलाच. दोन: होडीभोवती पाण्यात टोकदार खांबांचं कुंपण. तीन: पाट्या. 'होडीस हात लावू नये.' 'शार्कांनी अंतर राखावे.' कुंपणावर 'प्रथम सुरक्षा' लिहिलेली लांब पाटी लावली आणि जरा लांबून पाहिली. छान दिसत होती.

डॉक्टर: "अँकर लावलाय ना?"

"लावलाय हो. दोन लावलेत."

"दोन?" पहिल्यांदाच त्यांनी उत्तराची वाट पाहिली. मी फोन ठेवला.

सोमवार, १० तारीख

काल संध्याकाळी सासूबाई खेळात माझ्या किनाऱ्यावर येऊन गेल्या. आता बायकोने त्यांना दिवसातून थोडाच वेळ टॅबलेट बघायची परवानगी दिलीय, पण आल्या. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर स्वतःहून म्हणाल्या, "जावईबापू, किती सरळ नांगरलंय हो तुम्ही."

अंगावर मूठभर मांस चढलं. या बाईंनी माझ्या लग्नातसुद्धा माझं कौतुक केलं नव्हतं.

"कोणाकडे शिकलात?"

"आपलं आपणच, आई. अंदाजाने."

"सऱ्या अगदी ओळीत आहेत." सऱ्या म्हणजे दोरांच्या असाव्यात. "मी जरा उपयोग करून घेतला तर चालेल ना?"

"आई, तुमच्यासाठीच तर नांगरलंय."

त्यांनी माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की मी बिस्किटांचा पुडा काढून दिला. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "काय चाललंय काय तुमचं?"

"होडीची देखभाल," मी म्हणालो.

कारखान्यात जाताना तिसरा नांगर बांधायला टाकला.

बुधवार, १२ तारीख

एक गोष्ट लक्षात आली आहे. होडीची तब्येत संध्याकाळी बिघडते आणि सकाळी सुधारते. काल संध्याकाळी 'कुरबुर' होती. वारा सुटला की होडी माझ्याच कुंपणाच्या टोकांवर आदळते, हे मला मान्य आहे. पण कुंपण नसतं तर ती खडकावर आदळली असती, म्हणजे हा कमी धोक्याचा अपघात झाला. आज सकाळी पाहतो तर ठणठणीत. फळ्या नव्या कोऱ्या, डांबर लावलेलं. होडीला माझ्या किनाऱ्याची हवा मानवलेली दिसते.

दुसरी गोष्ट. नांगरांच्या चरांत हिरवे कोंब आले आहेत. समुद्राची ओल.

गुरुवार, १३ तारीख

चोर सापडला.

आज कारखान्याची बस उशिरा होती म्हणून सकाळी पुन्हा एकदा खेळ उघडला. माझ्या किनाऱ्यावर माणूस. होडीला चिकटून उभा, हातात हातोडी. ठाक, ठाक, ठाक. डोक्यावर नाव: साडूंचं.

म्हणजे हे. स्वतःची होडी कशी नव्या नवरीसारखी ठेवलीय, तिला ओरखडा नाही. आणि सासूबाईंची होडी माझ्या ताब्यात आल्यापासून रोज दुखापत. रविवारी ती फुटली की मोठे जावई नालायक, आणि धाकटे आपली होडी घेऊन पुढे. गोड बोलून दात काढणारा माणूस.

संध्याकाळी फोन लावला.

"डॉक्टर, सकाळी माझ्या किनाऱ्यावर काय करत होतात?"

"दिसलो का? दिसलो. काही नाही, जरा बघत होतो."

"हातोडीने बघत होतात?"

"साडूभाऊ, अँकर—"

"अँकर तीन आहेत. तुम्ही येईपर्यंत होडी ठणठणीत होती. आणि हे किनाऱ्यावर गाजरं कोणी लावलीत?" कोंबांना आता पानं आली आहेत आणि खेळ त्यांना गाजर म्हणतो. "ससे बोलवायचेत?"

ते थंडपणे म्हणाले, "मी होडी फोडतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. मी तपासणी अहवाल देतोय."

"ठीक आहे. यापुढे तुमच्या बेटावर पाय ठेवणार नाही."

मी त्यांचा तो शब्द पक्का करून टाकला. किनाऱ्यावर कोणी यावं याची यादी असते, तिच्यात त्यांच्या नावापुढे बटण आहे: 'पाहुण्यास हाकला.' हाकललं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ते कशाला फोडतील? ते तर पडलेला दातसुद्धा परत बसवतात."

शुक्रवार, १४ तारीख

शांत झोप लागली. कारखान्यात 'बाहेरच्या व्यक्तीस मज्जाव' या विषयावर बोललो. वारा आहे, पण आता कोणी शत्रू नाही.

शनिवार, १५ तारीख

'तुमच्या होडीने प्राण सोडला आहे. स्मृतीदाखल एक फळी आपल्या पिशवीत ठेवण्यात आली आहे.'

पिशवीत बघितलं. एक फळी होती.

कुंपणाचा एक खांब तिच्या पोटातून आरपार गेलेला. मग ती तशीच खडकाकडे वाहत गेली. कंदील पाण्यावर तरंगत होता. तीन नांगर जमिनीत ताठ उभे. मी फोन पालथा घातला, पुन्हा उलटा केला. तेच चित्र.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं."

सांगितलं. मुख्याध्यापिकेसमोर काच फोडलेला मुलगा उभा राहतो तसा उभा राहून सांगितलं. सासूबाईंनी टॅबलेट मांडीवरून बाजूला ठेवला, चष्म्याची घडी केली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता जिन्याचा विषय संपला."

आणि भिंतीकडे तोंड केलं, सोफ्यासारखं. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

बायकोने स्वयंपाकघरात जाऊन बहिणीच्या घरी फोन लावला. मी तसाच उभा. काही वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, शाळेतला.

"नांगरली होती ना नीट?"

"आई, तीन नांगर होते. महागातले. तुम्हीच म्हणालात, सरळ नांगरलंय म्हणून."

सासूबाई वळल्या. "मी कशाबद्दल म्हणाले?"

"होडीबद्दल."

"मी वावराबद्दल म्हणाले." चष्मा पुन्हा नाकावर आला. "दाखवा बघू तुमचा नांगर."

मी फोन पुढे केला. त्यांनी चित्र मोठं केलं. टोक बघितलं, दांडा बघितला, मूठ बघितली.

"जावईबापू, ही मूठ कशासाठी असते?"

"उपसायला."

"आणि ही पुढची खाच?"

"दोन जहाजं जोडायला," मी म्हणालो, पण म्हणता म्हणताच माझा आवाज बसत गेला.

"दोन बैल जोडायला," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या हसायला लागल्या. आधी आवाज नाही, नुसता पलंग हलत होता. "अहो, मला वाटलं जावयाने माझ्यासाठी शेत करून ठेवलंय... मी बी टाकलं हो त्यात... गाजरं आलीत... आणि हे होडी बांधताहेत नांगराला..." डोळ्यांतून पाणी. बायको धावत आली, तिला वाटलं आईला रडू कोसळलं. मी सॉकेटकडे बघत होतो. खेळाने दोघांना एकच नाव दिलं, यात माझा काय दोष, हे मी दोनदा म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात बायकोच्या फोनवर डॉक्टर. होडीचं कळल्यावर ते दवाखाना सोडून आले होते आणि खाली गाडीपाशी उभे होते.

"आईंना बघायला आलोय," ते म्हणाले, बायकोने आवाज मोठा केला होता. "पण वर येणार नाही. त्या घरात मला मज्जाव आहे."

"अहो, तो खेळातला," बायको म्हणाली.

"मज्जाव तो मज्जाव."

"मला दे फोन," सासूबाई म्हणाल्या. हातात घेतला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. "नाही. ही गोष्ट फोनवर सांगून वाया जाईल. त्यांचं तोंड बघायला हवं."

"आई, ते वर येणार नाहीत म्हणताहेत."

"मग मी जाते."

वॉकर घेऊन त्या दारापर्यंत गेल्या. दाराशी वॉकर भिंतीला टेकवला, कारण जिन्यावर तो चालत नाही, आणि कठडा धरला. बायको पुढे, मी मागे. आम्ही दोघंही श्वास धरून, आणि मधे सासूबाई स्वतःशीच "दोन जहाजं जोडायला" असं पुटपुटत एकेक पायरी. वळणावर थांबल्या. मी हात पुढे केला.

"हात लावू नका, मला हसू येतं तुमच्याकडे बघून. पडेन."

मी हात मागे घेतला आणि भिंतीकडे बघत उतरलो.

खाली डॉक्टर गाडीला टेकून मुद्दाम दुसरीकडे बघत होते. सासूबाई दिसल्यावर त्यांच्या हातातली किल्ली पडली. "आई, तुम्ही खाली? खाली. कशा?"

"ते राहू द्या. आधी तोंड इकडे करा."

त्यांनी गोष्ट सांगितली. मधे एकदाही थांबल्या नाहीत, माझ्या मुठीचं आणि खाचेचं अभिनयासह दाखवलं. डॉक्टर आधी हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुम्ही रोज 'लावलाय, लावलाय' म्हणत होतात, ते हे?"

"हो."

"आणि मी रोज सकाळी दवाखान्याआधी ती होडी खडकावरून ओढून आणून ठोकत होतो. होडी तुमच्या नावावर सोपवलेली, मला नांगर टाकता येईना. ठोकता तेवढं येत होतं. म्हटलं आईंना कळायला नको, आणि तुम्हाला बोललो तर म्हणाल, हा मला शिकवतो. फळ्या संपल्या माझ्या."

मग मात्र ते हसले. इतकी वर्षं लोकांचे दात बघणाऱ्या माणसाचे दात मी पहिल्यांदाच नीट पाहिले.

हसून झाल्यावर सासूबाईंनी मान वर करून इमारतीकडे पाहिलं. "आता वर कसं जायचं?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. पहारेकऱ्याच्या खुर्चीवर त्या थोडा वेळ बसल्या, आल्यागेल्याला गोष्ट सांगितली, मग उठल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साडू, आणि "एकदम पाय उचला, दोघं दोन दिशांना ओढू नका" असं ओरडत मधे सासूबाई. डॉक्टर घरात आले. मज्जावाचा विषय कोणी काढला नाही.

रविवार, १६ तारीख

डॉक्टरांच्या होडीतून सगळे दीपगृहाला गेलो. सुकाणू सासूबाईंकडे. मला एका कोपऱ्यात बसवलं होतं, कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. बेट आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नांगर टाका. डॉक्टर, तुम्ही टाका." दगड आणि दोर, स्वस्तातला. पाण्यात गेला, तळाला लागला आणि होडी जागेवर थांबली.

संध्याकाळी व्यायामाच्या बाई आल्या तर सासूबाई त्यांना जिन्यात भेटल्या.

सोमवार, १७ तारीख

बसच्या आधी थोडा वेळ होता. माझ्या बेटावरची कठीण लाकडाची झाडं तोडली, फळ्या पाडल्या, डांबर कढवलं. मग डॉक्टरांच्या धक्क्यावर गेलो. ते या वेळेला दवाखान्यात असतात. त्यांची पेटी उघडली. तळाशी एक हातोडी, झिजलेली, आणि डांबराचा कोरडा डबा. बाकी काही नाही.

फळ्या रचल्या, लांबीप्रमाणे. डबा काठोकाठ भरला. खेळाने विचारलं, 'सोबत निरोप ठेवावयाचा आहे का?'

'नाही'वर बोट ठेवलं आणि झाकण लावलं. बस हॉर्न देत होती.